चौकडीचा स्कर्ट

शाळेत लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे गेटवरची ड्युटी आली. पुढची पाच वर्षं मी रोज सकाळी सव्वासातला मुलांचे पाय पाहत उभी राहिले. आधी बूट, मग मोजे, मग पट्टा, टाय, गळ्यातलं आयडी कार्ड, नखं आणि शेवटी केस. चेहरा या यादीत नव्हता. रोज माझ्यासमोरून गेलेली मुलं रविवारी बाजारात भेटली की मला ओळखू यायची नाहीत, कारण तिथे त्यांच्या पायात चपला असायच्या.

शाळा मिशनची. ती चालवणाऱ्या सिस्टर दक्षिणेतून आलेल्या होत्या, आम्ही शिक्षिका इथल्याच होतो. पहिली ते चौथीच्या सगळ्या वर्गांत मिळून ख्रिश्चन मुलं बोटांवर मोजता येतील एवढीच असत. बाकी सगळी आमच्यासारख्यांची, म्हणजे बौद्ध आणि हिंदू घरांतली. कोणाचे वडील तहसीलात, कोणाची आई सावंगीच्या दवाखान्यात नर्स, कोणाचं किराणा दुकान. सगळ्यांना पोरगं इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि इंग्रजीची सुरुवात टायपासून होते अशी सगळ्यांची खात्री होती.

टायला इलास्टिक होतं. ती गळ्यात अडकवायची आणि ओढून सोडली की फटकन मानेवर बसायची. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये, सकाळी दहालाच भिंत तापलेली असताना, सहा वर्षांची मुलं ती टाय घालून बेरजा करायची. एका सभेत मी उन्हाळ्यापुरती टाय काढू द्यावी असं सुचवलं. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या सिस्टर काही बोलायच्या आत एक पालकच उठले. ते वीज कार्यालयात अधिकारी होते. टाय काढायची असेल तर मग सरकारी शाळेत आणि इथे फरक काय राहिला, असं त्यांनी विचारलं. टाळ्या पडल्या. त्या दिवसानंतर मी सिस्टरांना एकट्यांना दोष देणं सोडलं.

शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर प्रार्थना होती आणि पुढची चार पानं गणवेशाची. मुलींच्या दोन वेण्या, त्या कानाच्या वर बांधलेल्या, रिबीन पांढरी आणि तिची फुलं सारख्या आकाराची. मेंदी चालणार नाही. हातात दोरा चालणार नाही. बुधवारी आपापल्या हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट. शनिवारी सगळं पांढरं, कॅनव्हासचे बूटसुद्धा. आमच्या भागातली माती काळी. जुलैत ती पायाला धरली की सोडत नाही. शनिवारी गेटबाहेर आया वाकून मुलांच्या बुटांवर पांढरा खडू घासायच्या, आणि तो खडू मुलांनीच वर्गातून नेलेला असायचा. मला सगळं दिसायचं. पण खडूविरुद्ध डायरीत नियम नव्हता, म्हणून तसे खडूचे बूट मी पास करायची.

हे सगळं मला सुरुवातीला हास्यास्पद वाटत नव्हतं, हेही सांगते. मी तळेगावची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात स्वच्छ कपड्याला फार किंमत होती. वडील रात्री आमचे शाळेचे कपडे तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे आणि सांगायचे की गणवेश कशासाठी, तर कोणाचं घर कसं आहे ते वर्गात दिसू नये म्हणून. मी ते मानत आले होते. गेटवर उभी राहिल्यावर वर्षभरात कळलं की कोणाचं घर कसं आहे हे गणवेशाइतकं स्वच्छ दुसऱ्या कशातून दिसत नाही. विटलेली चौकडी, भावाकडून आलेला सैल पट्टा, एकच जोडी मोजे रोज धुतल्यानं घोट्यावर उतरलेले. मुलं घरचे कपडे घालून आली असती तर मला इतकं समजलं नसतं.

साडेसातला असेंब्ली. रांगा, हात जोडणं, इंग्रजी प्रार्थना, प्रतिज्ञा, मग मोठ्या सिस्टरांचं भाषण, जे बहुतेक दिवशी मोज्यांवर असायचं. प्रार्थनेतले शब्द मुलांना कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यात आमच्या अपराधांची क्षमा कर अशी ओळ आहे. अपराधासाठी ‘ट्रेसपासेस’ असा जो जड इंग्रजी शब्द येतो तो मुलं ‘ड्रेसपासेस’ असा म्हणायची. मला वाटायचं, लहान तोंडं आहेत, जीभ वळत नसेल. तिसरीच्या माझ्या वर्गातल्या एका मुलीनं खरा अर्थ सांगितला.

“मिस, त्यात आपण देवाले म्हणतो ना, आमचा ड्रेस पास कर म्हणून.”

ही मुलगी पिपरी मेघेची. बारीक, सावळी, दोन वेण्यांपैकी एक नेहमी सुटत आलेली, आणि प्रश्न विचारायला कधी न थकणारी. तिची आई घरी शिवणकाम करायची. आजूबाजूच्या बायांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, लग्नाच्या दिवसांत घागरे. मुलीचा गणवेशही पहिलीपासून तीच शिवत आली होती आणि दोन वर्षं त्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं, कारण चौकडीचं कापड बाजारात कुठेही मिळायचं.

तिसरीच्या वर्षी गणवेश बदलला. बदलला म्हणजे काय, तर मरून चौकडीतली पिवळी रेघ बारीक झाली. हा नवा स्कर्ट एकाच दुकानात, तोही तयार शिवलेलाच मिळणार अशी सूचना डायरीत चिकटवून घरी गेली. त्या आईनं सूचना वाचली आणि बाजारभर फिरून जवळात जवळ जाईल असं कापड शोधून आणलं. रेघ थोडी जाड होती. किती जाड, तर अर्धा सेंटिमीटरही नसेल.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टर स्वतः गेटवर आल्या. त्यांच्या हातात पट्टी होती. त्यांनी त्या मुलीला थांबवलं, स्कर्टवर पट्टी ठेवली, मग शेजारच्या मुलीच्या स्कर्टवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. त्या क्वचितच रागवायच्या. फक्त म्हणाल्या की ही मुलगी आजपासून असेंब्लीत रांगेत उभी राहणार नाही, बाजूला पायऱ्यांपाशी उभी राहील, आणि मी रोज डायरीत तसं लिहायचं.

मी लिहिलं. ‘नॉट इन प्रॉपर युनिफॉर्म.’ खाली सही.

दुसऱ्या दिवशी डायरी परत आली तेव्हा माझ्या ओळीखाली मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: “स्कर्ट धुतलेला आहे. इस्त्री केलेली आहे.” मी पुन्हा तेच इंग्रजी वाक्य लिहिलं. पुढच्या दिवशी उत्तर आलं: “स्कर्ट कालचाच आहे. आजही स्वच्छ आहे.” असं तीन आठवडे चाललं. माझ्याकडे बारावी, डीएड, वर इंग्रजीचा कोर्स, आणि मी रोज एकच वाक्य उतरवत होते. ती बाई दहावीपर्यंत शिकलेली, पण तिनं एकदाही तेच वाक्य दुसऱ्यांदा लिहिलं नाही. एके दिवशी तिनं लिहिलं होतं की मुलीला काल सातचा पाढा आला, त्याबद्दल आभार.

मुलगी पायऱ्यांपाशी उभी राहून प्रार्थना सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची. ‘ड्रेसपासेस’ वर तर जास्तच जोर द्यायची. इतर मुलं खुदखुदायची आणि मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहायची.

चौथ्या आठवड्यात आई शाळेत आली. अंगावर साधी साडी आणि हातात कापडी पिशवी. ऑफिसबाहेरच्या बाकावर ती तासभर बसली. मोठ्या सिस्टरांनी मला बोलावून घेतलं, कारण त्यांना वऱ्हाडी नीट कळायची नाही. आत आल्यावर त्या बाईनं पिशवीतून दोन स्कर्ट काढले. एक तिचा, दुसरा शेजारणीच्या मुलीसाठी दुकानातून घेतलेला. दोन्ही उलटे करून टेबलावर पसरले.

तिनं सगळं शांतपणे दाखवलं. दुकानच्या स्कर्टच्या चुण्या नुसत्या इस्त्रीनं बसवल्या होत्या, तिच्या चुण्या आतून टीप घालून धरलेल्या होत्या. दुकानच्या स्कर्टची खालची दुमड साखळी टाक्यानं मारलेली. तिनं एक धागा चिमटीत धरला, हलकेच ओढला आणि वीतभर दुमड आमच्या डोळ्यांदेखत उसवली. मग म्हणाली, “मी शिवणारी बाई हावो मॅडम. मायाच पोरीले मी असा ड्रेस घालू काय?”

मी भाषांतर केलं. खरं तर निम्मंच केलं, कारण सिस्टर घड्याळाकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या की शिलाई चांगली आहे, यात शंका नाही, पण शाळेत सगळी मुलं समान असतात आणि एकीसाठी वेगळा नियम केला तर ती समानता राहत नाही. समान हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी तोही मराठीत सांगितला. बाईनं दोन्ही स्कर्ट घडी करून पिशवीत ठेवले, दुकानच्या स्कर्टची उसवलेली बाजू आतल्या अंगाला करून. जाताना मला एवढंच विचारलं की पोरगी उन्हात तर उभी राहत नाही ना. मी म्हटलं, पायऱ्यांवर सावली असते. ती असायची, पावणेआठपर्यंत; असेंब्ली आठला सुटायची.

मला वाटलं होतं, आता ती हार मानेल. मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच स्कर्टात आली.

डिसेंबरात शाळेत एक मोठे धर्मगुरू पाहुणे म्हणून येणार होते. महिनाभर आधीपासून भिंती रंगल्या, मरियमच्या पुतळ्याभोवती झेंडू लागले, आणि तिसरी-चौथीच्या मुलींची कवायत बसवायला मला सांगितलं गेलं. पाहुण्यांसमोर सगळ्यांनी कोरे स्कर्ट घालावेत म्हणून दुकानातून नवा गठ्ठाच आला. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मुली ते घालून मैदानात उभ्या राहिल्या. मी शिट्टी वाजवली. मुली वाकल्या, पायाच्या अंगठ्यांना हात लावले, उठल्या. तिसऱ्या वेळेस निम्म्या स्कर्टांच्या दुमडी लोंबत होत्या. काहींचे हूक तुटून गवतात पडले. एक मुलगी स्कर्ट दोन्ही हातांनी धरून रडायला लागली.

दुकानदारानं पुढच्या आठवड्यात बदलून देतो म्हटलं. मोठ्या सिस्टर पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या. खिडकीबाहेर पाहत, नजर न वळवता, त्या म्हणाल्या की तिसरीतल्या त्या मुलीची आई शिवते ना, तिला विचारून पाहा.

मला तेव्हा हसू यायला हवं होतं. मी स्कूटी काढली.

पिपरीत तिचं घर गल्लीच्या टोकाला. पुढच्या खोलीत मशीन, खुंटीला टेप, खाटेवर शिवायचे कपडे. मुलगी जमिनीवर बसून अभ्यास करत होती. मला पाहून उठून उभी राहिली आणि आपली वेणी घट्ट करायला लागली. मी आल्याचं कारण सांगितलं. बोलताना मला इतकी लाज वाटत होती की मी दुकानदाराला नाही नाही ते बोलले, जणू सगळा दोष त्याचाच होता. बाईनं ऐकून घेतलं. किती आहेत विचारलं. मग मुलीकडे पाहून म्हणाली, “करून देतो. पण हे पोरगी कवायतीत राहीन. तिच्या याच स्कर्टात.”

मी हो म्हटलं. सिस्टरांना न विचारता, लगेच, खूप मोकळ्या मनानं. मला आठवतं, घरी परतताना मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच शाळेत आली. स्टाफरूममध्ये हस्तकलेच्या तासाचं जुनं मशीन होतं, ते तिनं तेल घालून चालतं केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या दुमडी पुन्हा घातल्या, हूक दुहेरी दोऱ्यानं टाचले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही शिक्षिकांनी तिला आमच्यात बसायला बोलावलं, तर ती मशीनपाशीच भाकरी खात म्हणाली की मधेच उठलं तर हाताची लय जाते मॅडम. तिकडे मैदानात मी तिच्या मुलीला दुसऱ्या रांगेत उभी केली. तिला कवायत पाठ होती. पायऱ्यांवरून रोज पाहिली होती.

कार्यक्रमाच्या सकाळी मुली रांगेत लागल्या आणि मोठ्या सिस्टर शेवटची नजर टाकायला आल्या. पाहुण्यांची गाडी गेटपाशी आल्याचा निरोप तेवढ्यात आला. सिस्टर दुसऱ्या रांगेपाशी थांबल्या. पट्टीची गरज त्यांना आता उरली नव्हती. त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं की हिला काढा, फोटोत रेघ वेगळी दिसेल.

मी काय करू शकले असते, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी म्हणू शकले असते की मी शब्द दिला आहे. मी म्हणू शकले असते की या सगळ्या स्कर्टांच्या दुमडी हिच्या आईनं घातल्या आहेत. नोकरी गेली नसती. सिस्टरांचा स्वभाव सूड घेण्याचा नव्हता. फार तर महिनाभर माझ्याशी इंग्रजीतच बोलल्या असत्या. पण साडेतीन वर्षं रोज सकाळी मी दुसऱ्यांच्या मुलांना बाजूला काढत आले होते आणि हाताला सवय झाली होती. मी मुलीच्या खांद्याला धरून तिला बाहेर घेतलं. म्हटलं, वर्गात सगळ्यांची दप्तरं आहेत, त्यावर लक्ष ठेवायला एक हुशार मुलगी हवी. तिनं मला विचारलं, “मिस, कवायत झाल्यावर येऊ काय?” मी हो म्हटलं. त्या मायलेकींना मी दिलेला तो दुसरा हो.

कवायत उत्तम झाली. मुली वाकल्या, उठल्या, गिरक्या घेतल्या, आणि एकाही स्कर्टचा एक टाका हलला नाही. पाहुणे प्रसन्न झाले. त्यांनी भाषणात शिस्तीचं कौतुक केलं. वीज कार्यालयातले ते अधिकारी पुढे बसून मोबाइलवर सगळं टिपत होते. त्यांच्याच मागे, खुर्च्या संपतात तिथे, ती बाई उभी होती. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तिनं एकेक मुलगी पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मला ते दिसत होतं आणि मी शिट्टी वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर लोक चहाकडे वळले. ती माझ्याजवळ आली. मी आधीच बोलायला लागले, की ऐन वेळेस वरून सांगण्यात आलं, माझ्या हातात काही नव्हतं, पुढच्या वर्षी नक्की. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, “मॅडम, तुमी हो म्हटलं होतं.” आवाज चढला नव्हता. ती वर्गात गेली, मुलीला घेतलं, दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि गेली.

एप्रिलपर्यंत मुलगी येत राहिली, त्याच स्कर्टात. मीही डायरीत तेच लिहीत राहिले, पण खाली आता आईची नुसती सही यायची. उत्तरं बंद झाली. जूनमध्ये आईनं दाखला काढला आणि मुलीला घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. दाखल्यावर मोठ्या सिस्टरांनी मान वर न करता सही केली. त्या दिवशी त्यांच्यापुढे सह्यांचा ढीग होता.

वर्षभरानं त्यांची बदली झाली. नव्या सिस्टर आल्या आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की लहान मुलींना स्कर्टात खेळता येत नाही, तेव्हा पुढच्या सत्रापासून सगळ्यांना ट्रॅक पँट. टायही गेली. एका परिपत्रकात सगळी चौकडी संपली, जाड रेघेची आणि बारीक रेघेची. पालकांनी तक्रार केली नाही. ट्रॅक पँटमुळे शाळा आता इंटरनॅशनल वाटते, असं त्यांच्यातल्या एकानं मला सांगितलं. गेटची ड्युटी मी सोडून दिली. मला डब्यांची दिली, तिथे कोणत्या वारी कोणती भाजी याची वेगळी यादी आहे.

गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांसाठी सावंगीला गेले होते. दवाखान्यासमोरच्या रांगेत एका दुकानाबाहेर पांढरे ॲप्रन टांगलेले होते, मेडिकलच्या पोरांचे. आईला ऊन लागत होतं म्हणून मी तिला त्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी केली आणि आत पाहिलं तर मशीनवर तीच बाई. शेजारी दोन मुली काजं करत बसलेल्या. तिनं मला लगेच ओळखलं. उठली, आईला स्टूल दिला, पाणी दिलं. मी मुलीची चौकशी केली. सातवीत आहे, म्हणाली, गणितात चांगली आहे, बोलते मात्र खूप.

मी त्या दिवसाबद्दल बोलायला सुरुवात केली. कितीतरी वर्षं मनात जुळवलेली वाक्यं होती. तिनं मधेच थांबवलं.

“राहू द्या मॅडम. तुमाले डोळ्याच्या ओपीडीत जायचं असन तर मांगच्या दारानं जा. तिकडे गर्दी नसते.”

एक पोरगा ॲप्रनचं माप द्यायला आला होता. ती टेप घेऊन त्याच्याकडे वळली. त्यापेक्षा तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. मग आईनं हात पुढे केला, मी तो धरला आणि आम्ही मागच्या दाराकडे गेलो. तिथे खरंच गर्दी नव्हती.